जोडा पायाला कसा रुळतो: चामडी पादत्राणांच्या निगेचा आढावा

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरच्या शिवारात चालणाऱ्या पायांना वर्षभरात तीन वेगळ्या ऋतूंशी झुंजावे लागते. मृगापासून सोयाबीन निघेपर्यंत काळ्या मातीचा चिखल, दिवाळीनंतर कोरडी थंडी आणि उसाचे फड, आणि चैत्र-वैशाखात चाळीस अंशांपलीकडे जाणारे ऊन. या तिन्हींत टिकेल असे पादत्राण लोकांना हवे असते आणि ते पहिल्या आठवड्यात पाय सोलून काढणारे नको असते. म्हणून चामड्याचा नवा जोडा कसा रुळवावा आणि कसा राखावा, याबद्दल इथे प्रत्येकाचे मत ठाम आहे. मात्र ही मते एकमेकांशी जुळत नाहीत. एकजण तेल पाजायला सांगतो. दुसरा म्हणतो, तेलाने चामडे ढिले पडते, पॉलिश लाव. तिसरा ओला करून घालायला सांगतो. चौथ्याच्या मते आता चामड्याची गरजच उरलेली नाही.

या मतांची पार्श्वभूमी काय, प्रत्येकात तथ्य किती आणि कोणते प्रश्न अजून खुले आहेत, हे या लेखात क्रमाने पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. यातला बराच वाद पद्धतींचा नसून कातड्यांचा आहे: सल्ला देणाऱ्याच्या मनातले चामडे वेगळे असते आणि विचारणाऱ्याच्या पायातले वेगळे.

पार्श्वभूमी: बलुत्यातला जोडा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावगाड्यात शेतकऱ्याच्या वहाणा चर्मकाराकडून येत आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. चर्मकाराकडे फक्त वहाणांचे काम नव्हते. विहिरीवरची मोट, बैलांच्या साजातल्या वाद्या, आसूड हे सगळे त्याच्या हातचे. कातडी कमावण्याचे काम प्रामुख्याने कक्कय्या समाजाकडे होते. चुन्याच्या निवळीत केस सोडवायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कातडे मुरू द्यायचे, ही त्यांची रीत. या समाजाचे नाव बाराव्या शतकातल्या शरण कक्कय्यांशी जोडलेले आहे. त्यांचे समकालीन हरळय्या आणि कल्याणम्मा यांनी बसवेश्वरांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा केल्याची कथा लिंगायत परंपरेत सांगतात. हे सगळे ज्या कल्याणात घडले ते आजचे बसवकल्याण बिदर जिल्ह्यात, लातूरच्या सीमेपलीकडे आहे. कातड्याचे काम करणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न या मुलखात आठशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

बलुत्याच्या व्यवस्थेत अन्याय होता, हे स्पष्टच आहे. काम अत्यंत कौशल्याचे, पण करणाऱ्याच्या वाट्याला विटाळ यायचा. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे अनेक कुटुंबांनी कातड्याशी जोडलेली पिढीजात कामे सोडली, ती याच जाणिवेतून. दुसरीकडे विजेच्या पंपांनी मोट संपवली आणि चामड्याचा गावातला मोठा ग्राहक गेला. तिसरा बदल कारखान्यांनी घडवला. १९३४ मध्ये कोलकात्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत खोक्यातला तयार जोडा तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचला.

निगेच्या दृष्टीने या बदलांचा परिणाम मोठा होता. पूर्वी जोडा करणाराच तो कसा वापरायचा ते सांगे, आणि उसवला की तोच टाका घालून देई. खोक्यातल्या जोड्याबरोबर तो माणूस येत नाही. सल्ला वस्तूपासून सुटा झाला आणि एका जातीच्या चामड्याचा अनुभव दुसऱ्याला लावला जाऊ लागला. आजच्या मतभेदांचे मूळ इथे आहे.

कातड्याची दोन घराणी

जनावराचे कातडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे दाट जाळे. कमावताना या धाग्यांमध्ये असे द्रव्य बसवतात की ते कुजत नाहीत आणि वाळल्यावर एकमेकांना चिकटत नाहीत. हे द्रव्य कोणते, यावरून दोन घराणी होतात.

पहिले सालीच्या कमावणीचे. बाभूळ आणि हिरड्यातले टॅनिन धाग्यांत भरते. असे चामडे जड, घट्ट आणि सुरुवातीला कडक असते. पाणी पिते, ओले असताना आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. कोल्हापुरी चप्पल आणि गावाकडचे जुने पायताण याच घराण्यातले. दुसरे क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांच्या, कमावणीचे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिचे प्रयोग केले, आणि त्यामागे विहिरीवरच्या मोटांसाठी पाण्यात टिकणारे चामडे मिळवण्याचाही हेतू होता. क्रोमचे चामडे हलके, लवचीक असते आणि पाण्याने लवकर बिघडत नाही, पण ओले करून घातले तरी पायाचा ठसा फारसा धरत नाही. आज जगातले बहुतांश चामडे क्रोमचे आहे. शाळेचे काळे बूट, ऑफिसचे बूट आणि बहुतेक सेफ्टी बूट यांचा वरचा भाग याच चामड्याचा असतो.

दोहोंतला फरक उष्णतेपुढे स्पष्ट होतो. ओले कच्चे कातडे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते. सालीने कमावलेले साधारण ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, क्रोमचे १०० अंशांच्या आसपास. भिजलेली वहाण चुलीच्या वैलाजवळ वाळवली तर वाकडी होऊन कडक पडते, त्याचे कारण हेच.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कापलेली कड पाहावी. सालीच्या कमावणीची कड सर्वांगी तपकिरी असते, आणि क्रोमच्या चामड्याची कड रंग पोहोचला नसेल तिथे निळसर-करडी दिसते.

रुळवणे: तीन मते

पहिले मत तेलाचे. नवी वहाण घालण्यापूर्वी तिला तेल पाजायचे: अंगठा, पट्टा आणि कान या लागणाऱ्या जागांना आतून-बाहेरून तेल चोळायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि दोन-चार दिवस हेच करायचे. यामागचे तत्त्व पक्के आहे. तेल धाग्यांमध्ये शिरून घर्षण कमी करते आणि चामडे वाकताना धागे एकमेकांवरून सरकतात. कारखान्यातही कमावणीनंतर चामड्याला तेल देतातच. टर्की रेड ऑइल म्हणून ओळखले जाणारे, गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेल त्यासाठी फार काळ वापरले गेले आहे.

दुसरे मत पाण्याचे. जोडा ओलसर करून घालायचा आणि पायातच वाळू द्यायचा. फर्म्यावर ओले कातडे ओढून आकार देण्याचीच ही कृती, फक्त फर्म्याच्या जागी पाय. सालीच्या चामड्याच्या आणि वादीने शिवलेल्या वहाणेला ती लागू पडते. मात्र डिंकाने चिकटवलेला सोल, पुठ्ठ्याची टाच किंवा कापडी अस्तर असलेल्या बुटाला पाणी घातक ठरते. शिवाय ओल्या कातडीवर फोड लवकर येतात, म्हणजे ज्या त्रासापासून वाचायचे तोच वाढतो.

तिसरे मत सबुरीचे. पहिल्या दिवशी घरात अर्धा-एक तास, मग रोज थोडे वाढवत न्यायचे आणि लांबच्या चालीला नवा जोडा कधीच न्यायचा नाही. कोजागरीला तुळजापूरची वाट किंवा आषाढीला पंढरीची वाट धरणारे हा नियम नेमाने पाळतात. मुदखेडचे सीआरपीएफचे, चाकूरचे सीमा सुरक्षा दलाचे आणि बाभळगावचे पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र अशी तीन ठिकाणे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आहेत. तिथे येणाऱ्या नव्या मुलांपुढचा प्रश्न वेगळा असतो. कवायत पहिल्या आठवड्यातच सुरू होते, त्यामुळे जोड्याला वेळ देता येत नाही. तिथे मग जाड मोजे, टाचेला चिकटपट्टी आणि पाय कोरडे राखणे यांवर भर राहतो. फोड हा ओलसर कातडी घासली गेल्याने येतो, म्हणून कोरडा पाय ही निम्मी लढाई आहे.

तिन्ही मतांना एक गोष्ट मान्य आहे: माप चुकले असेल तर कोणताही उपाय चालत नाही. पाय दिवसभरात थोडा फुगतो, त्यामुळे जोडा संध्याकाळी घ्यावा. चामडे रुंदीत सैलावते, लांबीत जवळजवळ नाही. अंगठा पुढे टेकत असेल तर तो जोडा पुढेही टेकतच राहील.

निगा: कोणते तेल, की पॉलिश

तेलवाल्यांतही एकमत नाही. घरात जे तेल असे तेच वहाणेला लागे, आणि मराठवाड्यात ते पूर्वी करडईचे होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिले आणि लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, यावरून या पिकाचे इथले महत्त्व कळते. आता शिवारात सोयाबीन आहे आणि घरात पिशवीतले रिफाइंड तेल.

तेलांचा स्वभाव त्यांच्या आयोडीन मूल्यावरून कळतो. हवेशी संयोग होऊन तेल घट्ट होण्याचा कल त्यातून समजतो. खोबरेलाचे मूल्य ७ ते १०, एरंडेलाचे ८२ ते ९०, शेंगदाण्याचे ८५ ते १०५, सोयाबीनचे १२० ते १४०, करडईचे साधारण १४० ते १५० आणि जवसाचे १७० ते २००. जवसाचे तेल हवेत वाळून पापुद्रा धरते, म्हणून ते रंगात वापरतात. चामड्यात मात्र तेच कालांतराने कडकपणा आणते. करडई आणि सोयाबीन मधल्या गटात येतात. त्यांचा थोडा वापर चालतो, पण वारंवार दिले तर चिकट थर साचतो. एरंडेल आणि शेंगदाणा तेल वाळत नाही. एरंडेल दाट असल्याने हळू मुरते, ते किंचित कोमट करून लावणे सोयीचे.

पण 'वाळणारे तेल वाईट' असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. करडईचे बी तापवून काढलेले काळे, चिकट तेल विहिरीचे दोर आणि सतत पाण्यात असणारे चामडे यांना लावण्याची रीत भारतात होती. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविषयक ग्रंथांत तिची नोंद आहे. मोटेला मऊपणापेक्षा पाणी अडवणारा थर हवा होता, आणि घट्ट होणारे तेल तो देत होते. पायाबरोबर वाकणाऱ्या वहाणेची गरज याच्या उलट. चामडे काय काम करणार, यावर तेल ठरायचे.

खोबरेलाबद्दल आणखी एक गोंधळ आहे. ते २४ अंशांच्या आसपास गोठते. मार्गशीर्ष-पौषात रात्री पारा बराच खाली येतो तेव्हा चामड्यातून पांढरट थर वर येतो आणि लोक त्याला बुरशी समजतात. कोमट हात फिरवला की तो विरघळला तर ते तेल आहे. बुरशी असेल तर वास येतो आणि पुसल्यावरही पुन्हा उगवते.

पॉलिशच्या बाजूचे म्हणणे असे की कारखान्याच्या बुटाला तेलाची गरज नसते. पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि ते विरघळवणारा टर्पेंटाइनसारखा द्रव. क्रोमच्या चामड्यात पुरेसे तेल आधीच असते आणि वर रंगाचा थर असतो. त्यावर तेल ओतले तर ते आत जात नाही, धूळ धरते आणि शिवणीजवळचा डिंक सैल करते. गणवेशाच्या बुटाला हे म्हणणे चपखल लागू पडते. त्याची मर्यादा एवढीच की मेण चामड्याला मऊ करत नाही. थरावर थर चढला की चवड्याच्या घडीवर भेगा पडतात, म्हणून अधूनमधून जुने पॉलिश काढून थोडे क्रीम देणे हिताचे.

काळी माती आणि पावसाळा

निगेचे बहुतेक लिखित सल्ले थंड आणि दमट प्रदेशांतून आले आहेत. इथली माती त्यांत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती मुलतानी मातीच्या नात्यातली आहे. दोन्हींत तेल-ओल शोषण्याचा गुण आहे. चिखल जोड्यावर वाळला की तो आक्रसताना चामड्यातली ओल आणि तेल ओढून घेतो. त्यामुळे चिखलाचा जोडा ओला असतानाच धुवावा, हा नियम इथे पॉलिश आणि तेल यांच्याही आधी येतो.

त्यानंतरचा क्रम बहुतेक जाणकारांना मान्य आहे: साबणाशिवाय पाण्याने पुसणे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरणे, सावलीत वाऱ्यावर वाळवणे, आणि किंचित ओल असतानाच हलके तेल देणे. घामाच्या मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने निघतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. श्रावण-भाद्रपदात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला जोडा म्हणूनच आधी खराब होतो. कापडी पिशवी आणि मोकळा कोनाडा बरा.

'चामडे नकोच' ही भूमिका

शेतात प्रत्यक्षात चामडे आता कमीच दिसते. टायरच्या सोलच्या वहाणांनी सुरुवात केली, मग प्लॅस्टिक, रबर आणि पीव्हीसीचे गमबूट आले. त्यांच्या बाजूचे युक्तिवाद वजनदार आहेत. ते रुळवावे लागत नाहीत, पाणी पीत नाहीत, स्वस्त असतात. उसाच्या फडात आणि रात्री पाणी देताना घोट्याच्या वरपर्यंत संरक्षण मिळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. दंश बहुतेकदा पायालाच होतो. चांगल्या उंच बुटाची गरज किती खरी आहे हे यावरून दिसते.

चामड्याच्या बाजूने उत्तर असे: रबर श्वास घेत नाही. उन्हाळ्यात आत घाम साचतो, बोटांच्या बेचक्यात बुरशीचा संसर्ग होतो, म्हणून शेतकरी ते घालायचे टाळतो आणि अनवाणी जातो. शिवाय चामड्याचा जोडा दुरुस्त होतो, फुटलेला गमबूट बहुधा फेकावा लागतो. कृत्रिम सोलचेही वय असते. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलीने आतून विघटित होतो, आणि कपाटात जपून ठेवलेला बूट दोन-चार वर्षांनी पहिल्याच चालीत भुगा होतो. न वापरणे म्हणजे जपणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

चामड्याच्या पुरवठ्याचा मुद्दाही इथे येतो. महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे कातडे त्यातून वगळलेले आहे. देवणी आणि लाल कंधारी गोवंशाच्या या प्रदेशात कायद्याचे समर्थक पशुधन जपल्याचे सांगतात, तर चर्मकार कच्चा माल महागल्याचे आणि दूरवरून आणावा लागत असल्याचे. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे आहेत आणि त्यांचा मेळ अजून बसलेला नाही.

पाय बधिर असेल तर

एका बाबतीत वैद्यकीय मत स्पष्ट आहे आणि ते घराघरांत पोहोचायला हवे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. त्यांतल्या अनेकांच्या पायांची संवेदना कमी होते. अशा माणसाला जोडा लागतो आहे हे कळतच नाही, आणि फोडाची जखम होऊन ती चिघळते. 'थोडे दिवस चावेल, मग बसेल' हा सल्ला त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. त्यांनी नवा जोडा एक-दोन तासच घालावा, काढल्यावर पाय डोळ्यांनी तपासावा, लाली दिसली तर तो जोडा सोडावा. अशा पायांसाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ वापरतात. कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून हे पादत्राण पुढे आले.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाचा. इथल्या मातीत, इथल्या उन्हात करडई, एरंडेल आणि शेंगदाणा तेल यांपैकी काय किती महिने टिकते, याचे उत्तर आज अनुभवांवर उभे आहे. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून काम करते आहे. गळीतधान्यावर संशोधन करणारे केंद्र लातूरलाच आहे. या दोन ज्ञानांची गाठ घातली तर शेतकऱ्याला उपयोगी उत्तर मिळू शकेल.

दुसरा प्रश्न ओळखीचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडाने तशाच घाटाच्या चपला दाखवल्या आणि श्रेय न दिल्याबद्दल टीका झाल्यावर मूळ मान्य केले. त्या चर्चेने कारागिराकडे लक्ष वेधले हे चांगलेच झाले. पण मानांकनाच्या यादीत लातूर-नांदेड नाहीत. इथल्या पायताणाचा घाट, शिवण आणि कमावणीची रीत स्वतंत्रपणे नोंदवायची तर म्हातारे कारागीर हयात असतानाच नोंदवायला हवी.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न माणसाचा. रापी आणि आरी चालवणारा हात नसेल तर निगेचा सगळा सल्ला अर्धवट राहतो, कारण टाका उसवल्यावर तेल काही कामाचे नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे, गटई कामगारांना रस्त्याकडेला पत्र्याचे स्टॉल देण्याची सरकारी योजनाही आहे. तरीही कारागिरांची मुले दुसऱ्या कामाकडे वळतात, आणि जातीच्या शिक्क्यातून सुटण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे. हे कौशल्य जातीपासून वेगळे होऊन, योग्य मोबदल्याचे आणि कोणालाही शिकता येणारे काम म्हणून कसे उभे राहील, याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

आज काय म्हणता येते

मते बाजूला ठेवली तरी काही गोष्टी पक्क्या आहेत. आधी कापलेली कड पाहून चामडे ओळखावे. सालीच्या चामड्याला न वाळणारे तेल थोडे-थोडे द्यावे, क्रोमच्या चामड्याला पॉलिश आणि क्वचित क्रीम. चिखल ओला असतानाच काढावा, आच आणि कडक ऊन टाळावे. माप चुकलेला जोडा रुळवत बसू नये. मधुमेह्याच्या पायाला कोणताही जोडा चावू देऊ नये. आणि पहिला टाका सुटताच जोडा गटई कामगाराकडे न्यावा, त्याने सांगितलेले दाम घासाघीस न करता द्यावे. जोड्याचे आयुष्य त्या टाक्याने तेलापेक्षा जास्त वाढते, आणि तो टाका घालणारा माणूस गावात टिकणे आपल्याच हाती आहे.